वाचकांचे प्रश्न : विकायला नसलेली गाडी

गेल्या अंकात मर्सिडीज-बेंझ या जर्मन मोटार कंपनीच्या ‘व्हिजन इक्यूएक्सएक्स’ या विजेवर चालणाऱ्या प्रायोगिक गाडीविषयी एक पानाचे टिपण आम्ही छापले होते. एका चार्जिंगमध्ये हजार किलोमीटरहून अधिक धावलेली, पण बाजारात कुठेही विकत न मिळणारी ही गाडी वाचकांच्या मनात घर करून राहिलेली दिसते, कारण निपाणी-अथणीपासून थेट कारवारपर्यंतची पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. हे सदर लिहिणाऱ्याने बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीच्या (धातू ओतण्याच्या कारखान्याच्या) पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे साच्यासाठी नमुने बनवणाऱ्या विभागात, ३१ वर्षे काम केले आहे, त्यामुळे उत्तरांत साच्याचे आणि वाळूचे दाखले येतील. या विषयाला ते परके नाहीत.

प्रश्न : जी वस्तू विकायचीच नाही, ती बनवण्यासाठी कोट्यवधी रुपये ओतायचे, तिचे फोटो जगभर झळकवायचे आणि मग ती गोदामात ठेवून द्यायची, ही शुद्ध जाहिरातबाजी नव्हे काय? आमच्या व्यापारात असे करणारा चार महिन्यांत दुकान बंद करील.
— एक व्यापारी वाचक, निपाणी

तुमच्या शंकेत अर्धे तथ्य आहे आणि ते आधीच मान्य करतो. जगातील पहिली कन्सेप्ट कार, म्हणजे विक्रीसाठी नव्हे तर कल्पना दाखवण्यासाठी बनवलेली गाडी, म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती ‘ब्युइक वाय-जॉब’ १९३८ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्समध्ये हार्ली अर्ल या रचनाकाराने घडवून घेतली, ती लोकांच्या आवडीनिवडीचा अंदाज घेण्यासाठीच. झाकले जाणारे हेडलाइट आणि बटणावर खाली-वर होणाऱ्या काचा तिच्यात होत्या आणि अर्ल स्वतः ती गाडी कित्येक वर्षे वापरत असत. पुढे प्रदर्शनासाठी अशा गाड्या बनवण्याची रीतच पडून गेली. त्यांतील पुष्कळशा आतून पोकळ असतात : वर रंगवलेली मॉडेलिंगची माती किंवा फायबरग्लास, आणि आत गाडी मंचापर्यंत ढकलत नेता येईल एवढीच चौकट. अशा गाडीला जाहिरात म्हटले तर त्यात काही चूक नाही.

परंतु याच नावाखाली दुसरीही एक जात वावरते, आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजे. ती गाडी खरोखर धावते, तिच्यावर मोजमापे घेतली जातात आणि तिचा हेतू एखादी कल्पना टिकते की मोडते, हे पाहण्याचा असतो. आमच्या फौंड्रीत नवा जॉब आला की पहिला ओतलेला नग गिऱ्हाइकाकडे कधीच जात नसे. वाळू झाडून, रायझर (साच्याच्या वर उरलेला जादा धातू) तोडून तो बँडसॉवर चढवला जाई आणि मधोमध कापला जाई. एका पंपाच्या बॉडीचा असा नग मला आजही डोळ्यांपुढे दिसतो. बाहेरून तो इतका स्वच्छ निघाला होता की मालकांनी त्यावरून हात फिरवून आम्हाला शाबासकी दिली, आणि कापल्यावर फ्लँजच्या मुळाशी ज्वारीच्या दाण्याएवढे तीन ब्लो होल, म्हणजे अडकलेल्या वायूची छिद्रे, दिसले. तो नग त्याच दिवशी भंगारात गेला. साच्यात वायू बाहेर पडण्यासाठी दोन जागा वाढवल्या आणि त्यानंतर त्या जॉबची तक्रार आली नाही. त्या कापलेल्या नगाची किंमत कोणत्या खात्यात धरायची, याचे उत्तर कारखानदाराला ठाऊक असते.

मर्सिडीजने १९९१ साली ‘एफ १००’ या गाडीपासून अशा संशोधन-वाहनांची एक मालिकाच सुरू केली. त्या पहिल्या गाडीत चालकाचे आसन मधोमध होते. १९९६ च्या ‘एफ २००’ मध्ये स्टिअरिंग चाक काढून टाकून दोन बाजूंना दोन लहान दांडे दिले होते आणि चालक ते हाताने कलवून गाडी वळवीत असे. २००१ च्या ‘एफ ४०० कार्व्हिंग’ मध्ये वळणावर बाहेरच्या बाजूची चाके २० अंशांपर्यंत तिरपी होत. यांतील दांडे कोणत्याही विक्रीच्या गाडीत आले नाहीत, तिरपी चाकेही आली नाहीत. मात्र त्याच ‘एफ २००’ मध्ये बसवलेली, खिडकीवरून पडद्यासारखी उलगडणारी एअरबॅग दोनच वर्षांत विक्रीच्या गाड्यांत आली आणि आज ती कितीतरी साध्या गाड्यांतही असते. एका गाडीतील एक कल्पना मोडली आणि दुसरी टिकली, आणि दोन्हींचे निकाल त्या एकाच गाडीने दिले. तेव्हा पुढच्या वेळी अशा गाडीचा फोटो पाहाल तेव्हा ती धावली का, कुठे धावली आणि तिच्यातील काय पुढे घेतले गेले, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरे मिळाली नाहीत तर ती जाहिरात समजा.

प्रश्न : टिपणासोबत ‘सी १११’ या जुन्या नारिंगी गाडीचे चित्र होते आणि तिच्या इंजिनात पिस्टनच नव्हते असे त्याखाली लिहिले होते. असे इंजिन कसे चालते? ते इतके चांगले होते तर कंपनीने ते सोडून का दिले?
— यांत्रिकी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, खानापूर

हा प्रश्न आल्याचा मला मनापासून आनंद झाला, कारण मोटारींच्या इतिहासात प्रयोग कसा करावा आणि कसा सोडावा हे शिकवणारी याहून चांगली गाडी मला माहीत नाही.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन सिलिंडरमध्ये खाली-वर होतो आणि कनेक्टिंग रॉड व क्रँकशाफ्ट त्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करतात. प्रत्येक फेऱ्यात पिस्टनला दोनदा थांबून उलट दिशेने निघावे लागते आणि त्या थांबण्या-निघण्यातूनच हादरे येतात. फेलिक्स वाँकेल या जर्मन संशोधकाने हे थांबणेच काढून टाकले. त्याच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन १९५७ साली एनएसयू या कंपनीत सुरू झाले. कमरेत किंचित दाबलेल्या लंबगोल घरात, फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो, अशी त्याची रचना आहे. रोटरची तीन टोके घराच्या भिंतीला सतत चिकटून सरकतात, त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरेल तसा प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो, पुन्हा मोठा होतो, आणि इंधन-हवा आत घेणे, दाबणे, जाळणे व धूर बाहेर टाकणे ही चारही कामे त्याच फेरीत उरकली जातात. ना व्हॉल्व्ह, ना कनेक्टिंग रॉड. इंजिन लहान, हलके आणि कमालीचे सुरळीत.

मर्सिडीजने १९६९ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ‘सी १११’ दाखवली तेव्हा तिच्यात असे तीन रोटर आणि २८० अश्वशक्ती होती. पुढच्याच वर्षी जिनिव्हात चार रोटर, ३५० अश्वशक्ती आणि ताशी ३०० किलोमीटरचा वेग घेऊन दुसरी आवृत्ती आली. पंखासारखी वर उघडणारी दारे आणि फायबरग्लासचे शरीर असलेल्या त्या गाडीसाठी काही धनिकांनी रक्कम न लिहिलेले चेक पाठवले, अशी हकीकत सांगितली जाते. कंपनीने गाडी विकली नाही.

कारण दोष खरे होते. पिस्टनची रिंग सिलिंडरवर तेलाच्या थरात बसते. वाँकेलमध्ये मात्र टोकावरची सील भिंतीला जवळजवळ रेघेपुरती टेकते, आणि तेही दर क्षणी वेगळ्या कोनात. ती झिजली की दाब एका कप्प्यातून दुसऱ्यात निसटतो. याहून मोठी अडचण जळण्याची. ज्वलनाचा कप्पा लांबट आणि चपटा असल्यामुळे ज्योत कोपऱ्यांपर्यंत पोहोचेपर्यंत कप्पा पुढे सरकलेला असतो, आणि आकारमानाच्या मानाने भिंतीचे क्षेत्रफळ फार असल्याने उष्णता भिंतीत जिरते. परिणामी इंधन जास्त लागते आणि न जळलेले हायड्रोकार्बन धुराबरोबर बाहेर पडतात. अमेरिकेने १९७० साली धुराविषयीचा कायदा कडक केला, १९७३ साली तेलाचे संकट आले, आणि या इंजिनासाठी दोन्ही बाजूंनी दार बंद झाले.

येथे बहुतेक जण ‘सी १११’ ची गोष्ट संपवतात, पण तिचा मला सर्वांत आवडणारा भाग येथेच सुरू होतो. त्या अभियंत्यांनी गाडी मोडीत न काढता तिच्यात त्या काळी आळशी समजले जाणारे डिझेल इंजिन बसवले : पाच सिलिंडर, तीन लिटर, टर्बोची (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्रणेची) जोड, १९० अश्वशक्ती. जून १९७६ मध्ये इटलीतील नार्दो येथील वर्तुळाकार मार्गावर ती गाडी ६० तास धावली आणि तिचा सरासरी वेग ताशी २५० किलोमीटरच्या वर राहिला. १९७८ साली अधिक निमुळत्या शरीराची तिसरी आवृत्ती त्याच मार्गावर ताशी ३०० किलोमीटरहून जास्त सरासरीने १२ तास धावली आणि तिला १०० किलोमीटरला सुमारे १६ लिटर डिझेल लागले. त्याच वर्षी टर्बो डिझेल बसवलेली एस-क्लास ही मर्सिडीजची मोठी आलिशान मोटार अमेरिकेत विक्रीला आली. ज्या गाडीचा जन्म पेट्रोलवर चालणाऱ्या वाँकेलसाठी झाला, तिने डिझेलच्या मोटारींचा रस्ता मोकळा केला.

आणि आता खानापूरच्या वाचकाला जवळची वाटावी अशी एक गोष्ट. नार्दोला धावलेल्या त्या पाच सिलिंडरांच्या इंजिनाचे चार सिलिंडरांचे सख्खे भावंड होते ‘ओएम ६१६’; सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक जवळजवळ तोच, फक्त एक सिलिंडर कमी आणि टर्बो नाही. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, परवाना घेऊन हे इंजिन आपल्याकडे बनवले आणि ते ट्रॅक्समध्ये बसवले. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर पावसाळ्यात माणसे, भाताची पोती आणि शाळेची मुले घेऊन चढणाऱ्या ज्या वडापच्या ट्रॅक्स तुम्ही लहानपणापासून पाहिल्या असतील, त्यांतील जुन्या ट्रॅक्सचे बॉनेट उघडून एकदा अवश्य पाहा.

परीक्षेत मात्र ‘वाँकेल इंजिन अपयशी ठरले’ एवढेच लिहून थांबू नका. जपानच्या मझ्दा कंपनीने ते सोडले नाही. १९९१ साली ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत चार रोटरच्या मझ्दाने पहिला क्रमांक मिळवला, आणि २०२३ पासून तीच कंपनी एका रोटरचे लहान इंजिन विजेच्या गाडीत केवळ जनित्र म्हणून वापरते. वेग सतत बदलावा लागत नाही अशा ठिकाणी त्याचे दोष कमी जाचतात आणि लहान आकाराचा फायदा तेवढा उरतो. दोष कोणत्या परिस्थितीत दोष ठरतो, हे लिहिलेत तर परीक्षकही खूश होतील.

प्रश्न : आमच्या शॉपमध्ये क्रँकशाफ्ट आणि इंजिनाचे इतर भाग मशीन होतात. विजेच्या गाडीत क्रँकशाफ्टच नाही. तुम्ही कौतुकाने लिहिलेल्या त्या इक्यूएक्सएक्सकडे आम्ही कोणत्या नजरेने पाहायचे?
— एक लघुउद्योजक, उद्यमबाग

प्रश्न पोटाचा आहे, म्हणून उत्तर गोड करून देणार नाही. त्या गाडीने जे सिद्ध केले ते बॅटरीच्या आकाराने नव्हे, काटकसरीने केले, आणि म्हणूनच ते गंभीरपणे घ्यायला हवे. एप्रिल २०२२ मध्ये जर्मनीतील सिंडेलफिंगनहून निघून आल्प्स ओलांडत फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कासीपर्यंत १,००८ किलोमीटर ती एका चार्जिंगमध्ये गेली, तेव्हा दर १०० किलोमीटरला तिला ८.७ किलोवॉट-तास वीज लागली. जून महिन्यात श्टुटगार्टहून इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनपर्यंत १,२०२ किलोमीटर गेली तेव्हा हा आकडा ८.३ वर आला. एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातील एक युनिट. चार्जिंग करताना वाया जाणारी वीज वेगळी धरावी लागेल, पण प्रवासापुरते बोलायचे तर हजार किलोमीटरला ८७ युनिट. कर्नाटकात गृहज्योती योजनेखाली घराला महिन्याला २०० युनिटपर्यंत वीज मोफत मिळते, त्याच्या निम्म्याहूनही हे कमी आहे. पुण्याहून बेंगळुरू सुमारे साडेआठशे किलोमीटर. म्हणजे ती गाडी बेळगावला चहापुरती थांबून, कुठेही वायर न जोडता बेंगळुरूला पोहोचली असती आणि तरीही तिच्यात चार्ज उरला असता.

हे कसे साधले, यात तुमच्या-माझ्या धंद्याचा संबंध येतो. महामार्गावर विजेच्या गाडीची सर्वांत जास्त शक्ती हवा कापण्यात जाते, म्हणून शरीराचा हवारोध गुणांक (हा जितका कमी तितका हवेचा अडथळा कमी) ०.१७ पर्यंत उतरवला. शेपूट लांब ओढली आणि मागील चाके पुढच्यांपेक्षा किंचित आत घेतली. ब्रेकच्या डिस्क बिडाऐवजी ॲल्युमिनिअमच्या, चाके मॅग्नेशिअमची. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडीच्या मागील भागाचा सांगाडा अनेक पत्रे वेल्डिंगने जोडून न करता ॲल्युमिनिअमचे एकच मोठे कास्टिंग म्हणून ओतला. जेथे ताण येत नाही तेथे धातूच ठेवला नाही, त्यामुळे ते कास्टिंग एखाद्या वाळलेल्या पानाच्या शिरांच्या जाळीसारखे दिसते. नेहमीच्या पद्धतीच्या भागापेक्षा त्याचे वजन १५ ते २० टक्क्यांनी कमी भरते असे कंपनीने सांगितले आहे. मी ते चित्र भिंग घेऊन पाहिले. एवढ्या पातळ फासळ्यांमधून धातू गोठण्याआधी शेवटच्या टोकापर्यंत पोहोचवणे काय असते, हे ज्याने लॅडल (वितळलेला धातू ओतण्याचे भांडे) हातात धरली आहे त्यालाच कळेल.

म्हणजे ओतकाम संपत नाही. ते बीड सोडून ॲल्युमिनिअमकडे आणि वाळूच्या साच्यातून दाबाच्या डायकडे (पोलादी साच्याकडे) सरकते. ही उडी सोपी नाही. डाय-कास्टिंगच्या यंत्राला लागणारे भांडवल लहान शॉपच्या आवाक्यातले नसते आणि क्रँकशाफ्टवर हात बसलेल्या कारागिराला नव्या कामावर बसवायलाही वेळ लागतो. तरीही काही गोष्टी लक्षात घ्याव्यात. इक्यूएक्सएक्समधील शिकवण घेऊन आलेली विजेची सीएलए २०२५ साली बाजारात आली आणि तिच्यात दोन गतींचा गिअरबॉक्स आहे. जेथे गिअर आहे तेथे शाफ्ट आहे, बेअरिंगची घरे आहेत, मायक्रॉनमधले ग्राइंडिंग आहे. गाडी चालवणाऱ्या विजेच्या मोटरमधील फिरत्या भागालाही शाफ्ट लागतोच आणि त्याची अचूकता क्रँकपेक्षा कमी नसते. ज्यांचे काम हायड्रॉलिक्सच्या सिलिंडर-व्हॉल्व्हचे आहे त्यांना या बदलाची झळ एवढ्यात लागणार नाही. ज्यांचे सर्व काम केवळ मोटारीच्या इंजिनावर अवलंबून आहे, त्यांनी मात्र नवे यंत्र घेताना ते फक्त क्रँकसाठीच बांधलेले नसेल याची काळजी आजपासून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या वाचकांना ट्रकच्या तोंडावरचे ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ हे नाव आठवत असेल. १९५४ सालच्या त्या कराराने या प्रांतातल्या कित्येकांना ट्रक दुरुस्तीचा धंदा दिला. आज त्या कंपनीचा मोटारींचा कारखाना चाकणला आहे आणि १९९६ पासून संशोधन केंद्र बेंगळुरूला आहे. या दोहोंना जोडणारा महामार्ग आपल्या गावाला खेटून जातो, ही नुसती नकाशावरची गोष्ट राहू नये असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : असल्या प्रयोगांचा फायदा श्रीमंतांनाच. सामान्य माणसाच्या जिवाला त्यातून कधी काही मिळाले आहे काय?
— निवृत्त शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव

गुरुजी, मिळाले आहे, पण फार उशिरा मिळाले, आणि तुमच्या प्रश्नातील रोष त्या उशिरावर असेल तर मी तुमच्या बाजूचा आहे.

रस्त्यावरील मृत्यूंची संख्या पाहून अमेरिकन सरकारने १९७० च्या सुमारास जगातील मोटार कंपन्यांना प्रायोगिक सुरक्षित गाड्या बनवण्याचे आवाहन केले. मर्सिडीजने १९७१ ते १९७५ या काळात अशा तीसहून अधिक गाड्या बांधल्या आणि त्यांतील बहुतेक भिंतीवर किंवा एकमेकींवर आदळून मोडल्या. मोडण्यासाठीच त्या बनवल्या होत्या. त्याआधी याच कंपनीतील बेला बारेनी या अभियंत्याने एक उलटा वाटणारा विचार मांडला होता, की सगळी गाडी पोलादासारखी कठीण करू नये. माणसे बसतात तो भाग मजबूत ठेवावा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपला जाईल असा करावा, म्हणजे धडकेची शक्ती तेथेच खर्ची पडेल. १९५९ पासून विक्रीच्या गाड्यांत हा विचार आला आणि आज तो सर्वत्र आहे. अपघातानंतर ‘गाडीचा पुढचा भाग पापडासारखा चुरला’ अशी तक्रार लोक करतात, तेव्हा त्या चुरण्यानेच आतला माणूस वाचलेला असू शकतो, हे सांगावेसे वाटते.

त्या प्रायोगिक गाड्यांवर पारखलेली एक गोष्ट म्हणजे एबीएस, ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा. तिचे मोल मला चोर्ला घाटात कळले. नव्वदच्या दशकात आषाढातल्या पावसात गोव्याहून परतताना आमच्या चालकाने वळणावर आडव्या आलेल्या म्हशीला पाहून ब्रेकवर पाय दाबला. चाके जागच्या जागी थांबली, पण गाडी थांबली नाही. चालक स्टिअरिंग उजवीकडे फिरवीत होता आणि गाडी सरळ दरीच्या कठड्याकडे घसरत होती, कारण न फिरणारे चाक वळवले तरी गाडी वळत नाही. कठड्याच्या दगडाला बंपर लागला आणि आम्ही वाचलो. एबीएसमध्ये प्रत्येक चाकाची गती मोजणारा सेन्सर असतो. एखादे चाक थांबू लागले की ब्रेकचा दाब क्षणभर सोडून पुन्हा लावला जातो, सेकंदाला अनेक वेळा, त्यामुळे चाक फिरत राहते आणि स्टिअरिंग हातात राहते.

ही सोय बॉश या जर्मन कंपनीच्या साहाय्याने १९७८ साली एस-क्लासमध्ये आली आणि चालकाची एअरबॅग १९८१ साली. भारतात सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून, आणि चालकाची एअरबॅग त्याच वर्षीच्या जुलैपासून. मध्ये ४१ वर्षे गेली. त्या ४१ वर्षांत आपल्या घाटांतून जी माणसे गेली, त्यांच्यासाठी तंत्र अस्तित्वात होते. ते त्यांच्या गाडीत नव्हते. प्रयोग करणाऱ्यांचे मी मोकळ्या मनाने कौतुक करतो, पण प्रयोग यशस्वी झाल्यावर तो कायद्यात यायला एवढा काळ का लागावा, हा प्रश्न विचारत राहिले पाहिजे.

अलीकडच्या प्रयोगांतील एक साधी वस्तू मला फार आवडली. २०१९ साली दाखवलेल्या ‘ईएसएफ २०१९’ या गाडीतून अपघात किंवा बिघाड झाल्यास एक छोटासा यंत्रमानव खाली उतरतो आणि मागे काही अंतरावर जाऊन इशाऱ्याचा त्रिकोण उभा करतो. वंटमुरी घाटात बंद पडलेल्या ट्रकमागे आपण दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवतो, तेच हे काम. फरक एवढाच की ते करण्यासाठी माणसाला अंधारात रस्त्यावर चालत जावे लागत नाही.

प्रश्न : तीस वर्षे टॅक्सी चालवतो. बिनचालकाच्या गाड्या आल्यावर आमचे काय? आणि आपल्या रस्त्यांवर त्या चालतील काय?
— एक टॅक्सीचालक, अथणी

या कल्पनेचे वय तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे. १९९५ साली जर्मन प्राध्यापक अर्न्स्ट डिकमान्स यांच्या गटाने कॅमेरे आणि संगणक बसवलेली एस-क्लास म्युनिकहून डेन्मार्कपर्यंत नेऊन परत आणली, आणि त्या प्रवासाचा बहुतांश भाग गाडीने स्वतः चालवला. २०१५ साली मर्सिडीजने ‘एफ ०१५’ दाखवली. तिच्यात पुढची आसने फिरवून प्रवासी समोरासमोर बसू शकत, आणि रस्त्याकडेला थांबलेला पादचारी दिसला तर गाडी थांबून लेझरने त्याच्यापुढे झेब्रा क्रॉसिंग आखून दाखवी. सुंदर कल्पना आहे.

प्रत्यक्षात विक्रीला आले ते याहून फार आखूड. २०२१ च्या अखेरीस जर्मनीत मान्यता मिळालेली त्यांची ‘ड्राइव्ह पायलट’ यंत्रणा आधी ताशी ६० आणि नंतर ९५ किलोमीटरपर्यंत, फक्त महामार्गावर आणि ठरावीक परिस्थितीतच गाडी स्वतः चालवते. ती मागेल तेव्हा चालकाला ताबा घ्यावा लागतो. १९९५ पासून एवढी वर्षे आणि एवढा पैसा खर्चून, आखीव पट्ट्यांच्या जर्मन महामार्गावर हे साधले आहे.

आता तुमचा रस्ता पाहू. गळीत हंगाम सुरू झाला की अथणी-चिकोडी भागात रात्री उसाच्या ट्रॉल्या निघतात. कित्येकींना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला. तुम्ही त्या ट्रॉलीला दिसण्याआधी ओळखता. डांबरावर पडलेले पाचट हेडलाइटमध्ये दिसले की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो, कारण पाचट ताजे असेल तर ट्रॉली पुढेच असणार. हे ज्ञान अजून कोणत्या यंत्रात भरलेले मला माहीत नाही. तुमच्या हयातीत तुमची जागा या रस्त्यावर यंत्र घेईल असे मला वाटत नाही. मात्र समोर अडथळा दिसताच आपण होऊन ब्रेक लावणारी यंत्रणा पुढच्या गाडीत मिळत असेल तर ती जरूर घ्या. रात्रीच्या चौथ्या फेरीत ती तुमच्या डोळ्यांना जोड देईल.

प्रश्न : मी नववीत आहे. मला अशी गाडी खरी पाहायची आहे आणि मोठेपणी अशा गाड्यांचे डिझाइन करायचे आहे. काय शिकू?
— एक विद्यार्थी, कारवार

पाहण्यासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे श्टुटगार्टमधील मर्सिडीज-बेंझ संग्रहालय. ते २००६ साली उघडलेल्या इमारतीत आहे आणि ‘सी १११’ तेथे पाहता येते. ते दूर आहे. दिल्लीला भरणारे भारत मोबिलिटी प्रदर्शन त्या मानाने जवळ. २०२५ च्या जानेवारीत तेथे ‘कन्सेप्ट सीएलए’ ठेवली होती.

शिकण्यासाठी गणित-विज्ञान सोडू नकोस आणि रोज चित्र काढ. पदवीनंतर मोटारींच्या डिझाइनचा अभ्यासक्रम गांधीनगरला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आणि मुंबईला आयआयटीच्या डिझाइन विभागात आहे. पण एक काम तू याच वर्षी करू शकतोस. आज संगणक असूनही मोठ्या कंपन्यांत गाडीचा आकार आधी मातीत घडवतात, आणि त्या मातीवर हात चालवणारे कारागीर मूर्तिकारांसारखेच काम करतात. श्रावणात तुझ्या गावातल्या गणपतीच्या शाळेत जाऊन बस आणि मूर्तिकार काकांकडून मूठभर शाडू माग. हाताच्या लांबीची एक गाडी घडव. मग पुठ्ठ्यावर तिच्या डाव्या अंगाची कड कापून घे, तोच पुठ्ठा उलटा करून उजव्या अंगाला लाव आणि खिडकीच्या उजेडात धर. जेथून उजेड दिसेल तेथे माती कमी आहे. तेथे भर घालून पुन्हा लावून पाहा.